लोणारचं पाणी खारं ठेवायचं कसं? (पाणपक्षी, मोजमाप, सांडपाणी, वेडी बाभूळ)

चिखल्या_नागपूर (धागाकर्ता)

थंडी तोंडावर आली की नागपुरातल्या पक्षीगटांत लोणारची जुळवाजुळव सुरू होते. समृद्धीवरून मेहकरला उतरलं की लोणार हाकेवर, त्यामुळे मदत करायला तयार असणारेही वाढलेत. पण सूचना बहुतेक वेळा त्याच येतात: काठावर झाडं लावू, तळं भरलेलं राहील असं पाहू, घाण पाणी शुद्ध करून आत सोडू. नागपूरच्या अंबाझरी-फुटाळा तलावांना यातलं काही लागू पडेलही. लोणारला हे तिन्ही उपाय उलटे पडतात, म्हणून हा धागा.

लोणार हे बेसाल्टात (काळ्या खडकात) उल्का आदळून झालेलं विवर. काठापासून काठापर्यंत साधारण १.८ किमी. पाणी आत येतं ते पावसाचं, उतारावरून वाहून येणारं आणि धार, रामगया, सीतान्हाणी यांसारख्या झऱ्यांचं. बाहेर जायला एकही नाला नाही, पाणी जातं ते फक्त वाफ होऊन. मीठ आणि सोडा मागे उरतो, म्हणून पाणी खारंही आणि अल्कधर्मीही, सामू (पीएच) वर्षानुवर्षं १० च्या आसपास मोजला गेलेला. अशा पाण्यात बहुतेक मासे टिकत नाहीत. टिकतात ती स्पिरुलिनासारखी सूक्ष्म शेवाळं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या माश्यांच्या (कीटकांच्या) अळ्या आणि बारीक जीव. स्पर्धेला मासे नसले की हे सगळं खाद्य पक्ष्यांच्या वाट्याला येतं. २००० साली अभयारण्य झालं, २०२० मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) नाव गेलं. त्या नोंदीत पक्ष्यांच्या १६० जाती आहेत, त्यांत जगभर संकटात आलेली छोटी लालसरीही आहे.

तेव्हा इथलं संवर्धन म्हणजे दोन गोष्टी सांभाळणं: पाण्याचा खारेपणा आणि काठाचा उघडा चिखल. बाकी सगळं त्यानंतर. जाणकारांनी आपापल्या विषयाचं नेमकं लिहावं, मोघम नको.

क्षारमापक

पातळीच्या हिशोबापासून सुरुवात करतो, कारण हा हिशोब कुणी मांडत नाही.

पाण्याचं क्षेत्र सोयीसाठी १ चौरस किमी धरा. त्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. आता काठावरच्या वस्तीतली १० हजार माणसं घ्या, माणशी रोज १०० लिटर वापर, त्याचं ८० टक्के सांडपाणी. झाले ८ लाख लिटर. ते सगळं विवरात उतरलं तर रोज ०.८ मिमी, वर्षाला २९ सेंटीमीटर. काठ पसरट असल्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी चढेल, पण दिशा तीच. बंद खोऱ्याच्या तळ्यात ही फार मोठी भर आहे. पावसाचं पाणी उन्हाळ्यात उडून जातं आणि तळं आपला तोल सांभाळतं. सांडपाणी बारमाही असतं, ते तोल सांभाळूच देत नाही.

खारेपणाचं गणित त्याहून सोपं. मीठ तेवढंच, पाणी वाढलं. सरासरी ५ मीटर खोल पाणी ६ मीटर झालं तर तीव्रता पाचषष्ठांश, म्हणजे जवळपास १७ टक्के घट. जुन्या नोंदींशी ताडलं तर लोणारचा खारेपणा उतरतच आलेला आहे, आणि अलीकडे पातळी चढून पाणी कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत गेलं. भरलेलं तळं डोळ्यांना छान दिसतं, पण आत काय पातळ होतंय ते वरून दिसत नाही.

धंतोलीकर

एक शंका. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडत असेल तर ते आत सोडायला काय हरकत? घाण तर गेलेली असते.

क्षारमापक

घाण जाते, पाणी जात नाही. वरचा ०.८ मिमीचा हिशोब शुद्ध पाण्यालाही तसाच्या तसा लागू आहे. शिवाय साध्या केंद्रांतून नायट्रोजन-फॉस्फरस पूर्ण निघत नाही, आणि तेच शेवाळाचं खत. म्हणून प्रक्रिया केलेलं पाणीसुद्धा विवराच्या बाहेरच्या उतारावर, शेतीला किंवा दुसऱ्या ओढ्याला गेलं पाहिजे.

यात बिघडतं ते बहुधा अडवणाऱ्या नाल्यापाशी. कड्यालगतचा नाला सांडपाण्यापुरता बांधलेला असतो, त्यात पावसाचं पाणीही शिरतं आणि पहिल्या मोठ्या सरीला तो फुटून आत वाहतो. दोन्ही पाण्यांना वेगळे मार्ग हवेत. तोंडाशी लोखंडी जाळी असते, तिच्यात प्लॅस्टिक अडकून नाला तुंबतो, ती पावसाळ्यात रोज साफ व्हायला हवी. पंपाने पाणी उचलायचं असेल तर वीज गेल्यावर काय, हा पहिला प्रश्न. राखीव जनरेटर, टाकीत फ्लोट स्विच आणि कमीत कमी काही तासांचं पाणी मावेल एवढी टाकी लागते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टाकी उतू गेली तर पाणी विवराबाहेर जाईल असाच उतार ठेवायचा. आराखड्यात ही शेवटची रेघ बघा, बाकीचं नंतर बघा.

रामटेकची_सई

मग गोडं पाणी वाईटच म्हणायचं, तर धार बंद करावी असाही कुणी अर्थ काढेल. तसं नाही ना?

चिखल्या_नागपूर

नाही ताई, अजिबात नाही. झऱ्याचं पाणी तळ्याच्या मूळ हिशोबातलं आहे. शिवाय खाऱ्या तळ्यावरच्या पक्ष्यांना प्यायला आणि पिसं धुवायला गोडं पाणी लागतंच. झरा जिथे तळ्यात मिसळतो त्या पट्ट्यात सकाळी बघा, बदकं आणि तुतवार तिथेच गोळा झालेले असतात. पिसांवर मीठ साचलं की पाणी न शिरू देण्याची त्यांची ताकद कमी होते, म्हणून हे धुणं त्यांच्या जिवाचं आहे.

झऱ्याला जपायचं म्हणजे त्याच्या तोंडाशी साबण, शाम्पू, सोडलेले कपडे, निर्माल्य नको. कमळजा देवीची यात्रा नवरात्रात असते आणि पहिले पाहुणे पक्षी त्याच सुमारास उतरू लागतात. पत्रावळी-प्लॅस्टिक कड्यावरच थांबवायचं, खाली आल्यावर गोळा करण्यात अर्थ नसतो. आणि कड्याभोवतीच्या बोअरवेल. त्यांनी भूजल खाली गेलं तर झराच आटेल. म्हणजे झरा जपायचा आणि नाला वळवायचा. एकाच गावात ही दोन कामं एकमेकांच्या उलट दिशेची वाटतात, पण दोन्ही त्याच तळ्यासाठी.

वनपाखरू

पाणी गोडावलं तर पक्ष्यांचं काय होतं याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण केनियातलं नाकुरू सरोवर. तेही सोड्याचं. छोटे रोहित (फ्लेमिंगो) तिथे लाखांनी यायचे ते स्पिरुलिनासाठी. १९६० च्या दशकात तिथे तिलापिया मासा सोडला आणि झोळीवाले पेलिकन वाढले. पुढे २०१० नंतर पाणी चढत गेलं, खारेपणा घटला, स्पिरुलिना मागे पडली आणि रोहित दुसऱ्या सरोवरांकडे पांगले. पक्षी 'कमी झाले' असं कुणी पटकन म्हणणार नाही, कारण मासेखाऊ आले. म्हणून नुसता एकूण आकडा फसवा असतो.

लोणारला पाणकावळे आणि बगळे वाढत असतील आणि शेकाटे, चिखले हे चिखलातले पक्षी आणि थापटे बदकं कमी होत असतील, तर एकूण बेरीज तेवढीच राहूनही तळं हातचं जातंय असंच समजायचं. मोजणीच्या तक्त्यात खाद्यानुसार तीन रकाने ठेवा: चिखलात टोचणारे, पाणी गाळणारे आणि मासे खाणारे. दहा वर्षांनी हेच रकाने बोलतील.

धंतोलीकर

आणि २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, ते प्रदूषणानेच ना? तेव्हा तशाच बातम्या फिरत होत्या.

क्षारमापक

नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेला नमुने घ्यायला सांगितलं होतं, पुण्याच्या आघारकर संस्थेनेही तपासणी केली. कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे तीव्र खाऱ्या पाण्यात वाढणारे आणि गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. उन्हाळ्यात पाणी घटलं, मीठ दाटलं आणि त्यांचं फावलं. पाऊस आल्यावर रंग गेला. खाऱ्या तळ्याच्या स्वभावातलीच ही गोष्ट आहे. गुलाबी रंगापेक्षा तळं बारमाही फिकं आणि काठोकाठ दिसू लागलं तर जास्त घाबरायला हवं.

खारपाण

खारेपणा मोजायचा कसा, ते लिहितो. अभयारण्यात नमुना घ्यायला वनविभागाची लेखी परवानगी लागते, ती आधी काढा.

रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून खारेपणा दाखवणारं हातातलं उपकरण) ० ते १०० पीपीटीचा, म्हणजे हजार भागांत १०० भाग मिठापर्यंतचा घ्यावा. आधी काचेवर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याचे दोन थेंब टाकून रेघ शून्यावर आणायची. नळाचं किंवा बाटलीबंद पाणी यासाठी चालत नाही. लोणारचं पाणी हिरवट असतं, ते दाट सुती कापडातून किंवा गाळणकागदातून गाळून घ्या, नाहीतर निळ्या-पांढऱ्याची सीमारेघ धूसर येते आणि प्रत्येक जण वेगळा आकडा वाचतो. नमुना ५ मिनिटं सावलीत ठेवून मगच थेंब टाकायचा. आता मर्यादा: या उपकरणाच्या खुणा समुद्राच्या मिठासाठी आहेत. लोणारमध्ये मिठासोबत कार्बोनेट-बायकार्बोनेट भरपूर. म्हणून येणारा आकडा खरा खारेपणा नव्हे, तो फक्त मागच्या महिन्याशी, मागच्या वर्षाशी ताडायचा. दरवेळी तेच उपकरण वापरा.

विद्युतवाहकता मोजणारे स्वस्त मीटर २०,००० मायक्रोसीमेन्सला थांबतात. पाणी त्याच्या वर जात असेल तर १ भाग नमुना आणि ९ भाग ऊर्ध्वपातित पाणी करून मोजा, आकड्याला १० ने गुणा आणि 'दहापट विरळ' असं शेजारी लिहा. ते लिहायचं राहिलं की नोंद पुढे निरुपयोगी होते.

सामूच्या मीटरला बहुतेक लोक ४ आणि ७ च्या द्रावणांवर जुळवतात. इथे ७ आणि १०.०१ वर जुळवायचं. एवढ्या सोडियममध्ये साधा काचेचा इलेक्ट्रोड प्रत्यक्षापेक्षा थोडा कमी सामू दाखवतो, म्हणून दशांशाच्या दुसऱ्या अंकावर वाद घालत बसू नये.

नमुन्याची जागा सर्वांत निर्णायक. धारेच्या तोंडाशी घेतलेलं पाणी गोडसरच येणार. पावसानंतर गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खारं खाली राहतं. त्यामुळे पृष्ठभागावरचा पेला भरून आणू नका. पाण्यात हात घालून ३० सेंमी खोलीवर बाटली उघडायची, तिथेच पाण्याखाली बंद करायची. तीन ठिकाणं कायमची ठरवा: झऱ्याजवळ, त्याच्या समोरच्या काठावर आणि या दोन्हींपासून दूर. महिन्यातून एकदा पुरे, पण जुलै-ऑगस्टमध्ये चुकवू नका.

क्षारमापक

खारपाणभाऊंनी नेमकं लिहिलंय. एक भर. प्रयोगशाळेत १०० मिली पाणी आटवून उरलेलं मीठ तोलतात तेव्हा तापवताना बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि वजन कमी भरतं. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरचा आणि आटवणीचा आकडा एकाच आलेखात काढायचा नाही.

शेकाट्या_वर्धा

पातळीबद्दल लिहितो, कारण पक्ष्यांच्या दृष्टीने खारेपणाइतकीच ती महत्त्वाची आहे.

छोटे चिखले ३-४ सेंमी पाण्यात चरतात. शेकाट्या लांब पायांमुळे १५ सेंमीच्या पुढेही जातो. चक्रांग, थापट्या या बदकांना मान बुडवून तळ गाठता यावा लागतो. म्हणजे काठापासून आत जाणाऱ्या मंद उताराच्या पट्टीवर सगळ्यांची पानं मांडलेली असतात. उतार ५० ला १ असेल तर पाणी १० सेंमी चढल्यावर ५ मीटर रुंद चिखल बुडतो. पाणी मागे सरून नवा चिखल उघडा पडला तर हरकत नाही. पण ते चढत चढत वेड्या बाभळीच्या रांगेला भिडलं की चिखल संपला, आणि त्यासोबत छोटे चिखलेही.

मोजायला काळ्या-पांढऱ्या सेंटिमीटर खुणांची पट्टी काँक्रीटमध्ये रोवतात. मंद उताराच्या काठावर एक पट्टी पुरत नाही, पाणी हटलं की ती कोरडी पडते. उतारावर एकाखाली एक तीन-चार पट्ट्या लावायच्या आणि वरच्या पट्टीचा तळ व खालच्या पट्टीचं टोक थोडं एकमेकांवर येऊ द्यायचं. सगळ्या पट्ट्यांचा शून्य कड्यावरच्या एका पक्क्या खुणेशी सर्वेक्षकाकडून जोडून घ्या. पट्टी उखडली गेली तर तीच खूण जुन्या नोंदी वाचवते. वाचन वारा सुटायच्या आत, सकाळी.

वनपाखरू

आता वेडी बाभूळ. विवराच्या उतारावरचं पानझडी जंगल वेगळं, त्याला हात लावायचा नाही. प्रश्न पाण्याकाठच्या विलायती बाभळीचा आहे. कापणी वनविभागाचंच काम, आपण आग्रह धरायचा तो पद्धतीचा.

नुसतं बुंध्याशी कापलं तर एकाच्या जागी दहा फांद्या फुटतात. फुटवा येतो तो जमिनीखालच्या वरच्या भागातून, म्हणून मूळ ३० सेंमी खाली तोडून तो गड्डा काढावाच लागतो. जेसीबी काठावर आणू नये. चिखल दाबला जातो, त्यातले जीव मरतात आणि उकरलेल्या मातीत बाभळीचं बीच आधी रुजतं. शेंगा एप्रिल-मेच्या सुमारास पिकतात, शेळ्या आणि नीलगाई खातात आणि लेंड्यांतून बी पसरतं. ते मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. एकदा तोडून 'काम झालं' अशी पाटी लावली की तिसऱ्या वर्षी तिथे पहिल्यापेक्षा दाट जाळी दिसते. कमीत कमी तीन पावसाळे रोपं उपटायला माणसं हवीत.

वेळ सांभाळा. मार्च ते जून टिटवी आणि कंठेरी चिखल्या जमिनीवरच अंडी घालतात, नोव्हेंबर ते मार्च पाहुणे असतात. रोपं उपटायची जुलै-ऑगस्टात, ओल्या मातीत सबंध मूळ निघतं. मोठी झाडं सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि ऑक्टोबरअखेर काम बंद. सगळा काठ एका वर्षात उघडा करू नये, पट्ट्यापट्ट्याने करावा, म्हणजे माती धुपून तळ्यात जात नाही.

आणि मोकळ्या झालेल्या जागी झाडं लावू नका. देशी सुद्धा नकोत. चिखल्यांना चारही बाजूंनी दूरवर दिसावं लागतं. झाडावर शिकारी पक्षी बसतो, त्यामुळे झाडालगतच्या चिखलात खाद्य असूनही ते उतरत नाहीत.

रामटेकची_सई

राजस्थानातल्या सांभर सरोवरावर २०१९ मध्ये पक्षी घाऊक मेले, तसं लोणारला होऊ शकतं का? मेलेला पक्षी दिसला तर नेमकं काय करायचं?

खारपाण

सांभरला त्या नोव्हेंबरात १८ हजारांहून जास्त पक्षी गेले. बरेलीच्या पशुसंशोधन संस्थेने कारण दिलं बोटुलिझम, म्हणजे एका जीवाणूच्या विषाने होणारा पक्षाघात. हा जीवाणू चिखलात बीजाणूरूपात पडूनच असतो. ऊब, ऑक्सिजन नसलेला चिखल आणि सडणारं प्राणिज खाद्य मिळालं की तो विष तयार करतो. पाऊस चांगला होऊन तळं भरलं, मग पाणी ओसरून खारेपणा झपाट्याने बदलला की बारीक जीव घाऊक मरतात, आणि सुरुवात तिथून होते. पुढचं चक्र मृत पक्ष्यावर चालतं: त्याच्यात अळ्या पडतात, अळ्यांत विष साठतं पण त्यांना काही होत नाही, आणि अशा दोन-चार अळ्या बदकाला मारायला पुरतात. त्यातून आणखी मृत पक्षी. सेंद्रिय सांडपाणी येणाऱ्या कोणत्याही खाऱ्या तळ्याला हा धोका आहे, लोणारलाही.

आजारी पक्षी ओळखायला शिका. आधी पाय जातात, तो पंखांनी वल्हवत पाण्यावर सरकतो. मग पंख लोंबतात, डोळ्यावरचा पातळ पडदा अर्धा ओढलेला राहतो आणि शेवटी मान सावरत नाही. पुष्कळसे पक्षी चोच पाण्यात जाऊन बुडून मरतात. अंगावर जखम नसते.

हात लावायचा नाही, कारण बर्ड फ्लूही असाच समोर येऊ शकतो आणि ते ठरवणं भोपाळच्या प्रयोगशाळेचं काम. जात, संख्या, जिवंत किती, मृत किती, जागेचं जीपीएस, फोटो, एवढं घेऊन वनविभागाच्या १९२६ वर आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा. कुत्री हाकला. पुढचं काम त्यांच्या पथकाचं: हातमोजे-मास्क, दुहेरी पिशव्या, तळ्यापासून आणि झऱ्यापासून लांब खोल खड्डा, त्यात चुना. जिथे रोज सकाळी सबंध काठ फिरून मृत पक्षी उचलले जातात तिथे साथ लवकर आटोक्यात येते. तीन दिवस उशीर झाला की अळ्या तयार असतात.

धंतोलीकर

कायद्याचा आधार काय घ्यायचा? तक्रारी सगळेच करतात, कागदावर काय लिहिलं म्हणजे दखल घेतली जाते?

शेकाट्या_वर्धा

तीन धागे आहेत. पहिला १९७२ चा वन्यजीव कायदा, अभयारण्य म्हणून. दुसरा २०१७ चे पाणथळ नियम, त्यात प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि घनकचरा टाकायला मनाई आहे (अभयारण्याच्या हद्दीत ते लागू होतात का, हे आधी विचारून घ्या). तिसरा रामसर करार: जागेचं पर्यावरणीय स्वरूप बदलत असेल तर ते कळवण्याची जबाबदारी देशाची. भारतातली केवलादेव आणि लोकटाक याच कारणाने माँट्रो यादीत (स्वरूप बदलत चाललेल्या रामसर जागांच्या यादीत) आहेत. पण 'स्वरूप बदललं' हे सिद्ध करायला मूळ स्वरूपाचे आकडे हवेत. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवराचं पाणी १९४१ पासून लॉस एंजेलिसला वळवलं जात होतं. १९९४ मध्ये तिथे पातळी ६,३९२ फुटांवर आणायची असं ठरलं. निकालात नेमका आकडा आला, कारण पातळीच्या, खारेपणाच्या आणि पक्ष्यांच्या सलग नोंदी समोर होत्या. आपल्या अर्जातही 'सरोवर वाचवा' लिहिण्यापेक्षा 'अमुक तारखेला पट्टीवर इतकं, तीन ठिकाणी खारेपणा इतका, नाल्याचं तोंड या अक्षांश-रेखांशावर, सोबत फोटो' असं लिहा आणि 'हे पाणी विवराबाहेर वळवण्याची तारीख द्या' एवढीच मागणी ठेवा.

चिखल्या_नागपूर (धागाकर्ता)

मोजणीसाठी जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणनाच धरू, म्हणजे इतर ठिकाणांशी तुलना होते. कड्यावरून स्कोप लावून मोजणी नको, तिथून लहान चिखले ओळखू येत नाहीत. परवानगी घेऊन खाली दोन गट, एकाच ठिकाणाहून एकाच मिनिटाला, एक डावीकडून, एक उजवीकडून. डोक्यावरून उडालेल्या थव्याची वेळ आणि दिशा लिहायची, मोजायचा तो ज्याच्या हद्दीत उतरला त्याने. थवा दहा-दहाच्या गठ्ठ्यांत मोजा. जी जात दिसली नाही तिच्यासमोर शून्य लिहा, रकाना रिकामा सोडू नका. विवरात ऊन उशिरा उतरतं, पूर्वेकडच्या काठाला पाठ करून उभं राहिलं की उजेड मागून येतो. पक्षी माना वर करू लागले की थांबा, पुढे सरकू नका, आणि ड्रोन आणूच नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर मुळीच जवळ जाऊ नका, परतीच्या प्रवासाची चरबी ते तेव्हा साठवत असतात.

त्याच सकाळी पट्टीचं वाचन आणि तीन बाटल्या घ्यायच्या. पट्टीचा फोटो घेताना कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणा, वरून काढलेल्या फोटोत एक-दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. क्षारमापक आणि खारपाण, तुम्ही दोघांनी मिळून नोंदीचा एक पानी तक्ता करून इथे टाकाल का? वनविभागाच्या अर्जाला तोच जोडू.

खारपाण

टाकतो. 'विरळ केलं का, किती पट' आणि 'उपकरण क्रमांक' हे दोन रकाने त्यात ठेवतोय, ते कुणी काढू नका.